पातळ थरांच्या पृष्ठभागावर अडवलेला प्रकाश

जूनमध्ये पुण्यात पहिला जोराचा पाऊस पडून गेला, की स्वारगेटच्या चौकात किंवा लक्ष्मी रस्त्याच्या कडेला साचलेल्या पाण्यावर वाहनांतून गळलेले तेल पसरते आणि त्या काळपट डबक्यावर जांभळी, हिरवी, तांबूस वलये उमटतात. गाडीच्या तेलाला असा रंग नसतो, पाण्याला नसतो, आणि ढगांतून गाळून आलेला प्रकाशही पांढराच असतो. तरीही तिघे एकत्र येताच इंद्रधनुष्यातले बहुतेक रंग दिसू लागतात. त्याहून चमत्कारिक बाब अशी, की त्याच पाण्यावर तेलाचा जाड थर ओतला तर रंग नाहीसे होतात, आणि थर फारच पातळ झाला तरीही ते मावळतात. म्हणजे रंग तेलात नसून तेलाच्या जाडीत आहे. या साध्या निरीक्षणामागे जो नियम आहे, त्याच्याच आधारे पारदर्शक पदार्थांचे थर एकावर एक रचून जवळजवळ परिपूर्ण आरसा बनवता येतो, आणि अशा थरांच्या अगदी वरच्या पृष्ठभागावर प्रकाशाला काही काळ अडवून फिरते ठेवता येते. प्रकाशाला असे अडवून ठेवणाऱ्या रचनेला प्रकाशीय अनुनादक म्हणतात. पृष्ठभागावर चालणाऱ्या तरंगांवर आधारलेले अनुनादक ही त्यातली तुलनेने नवी जात असून त्यांचे कार्य समजून घेण्यासाठी सुरुवात तेलाच्या थरापासूनच करणे सोयीचे आहे.

दोन परावर्तनांची बेरीज आणि वजाबाकी

प्रकाश हा तरंग आहे आणि दृश्य प्रकाशाची तरंगलांबी, म्हणजे एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचे अंतर, सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तेलाच्या थरावर पडलेल्या प्रकाशाचा थोडा अंश वरच्या पृष्ठभागावरून परततो, थोडा आत शिरून तेल आणि पाणी यांच्या सीमेवरून परततो, आणि हे दोन परतलेले तरंग डोळ्यापर्यंत एकत्र पोचतात. दुसऱ्या तरंगाला थरातून खाली जाऊन वर यावे लागल्यामुळे तो मागे पडतो. हे मागे पडणे असे झाले, की एकाच्या शिखरावर दुसऱ्याचे शिखर येईल, तर प्रकाश वाढतो. शिखरावर दरी आली तर दोन्ही परस्परांना पुसून टाकतात. तरंग आपल्या चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे याला त्याची कला म्हणतात, आणि कलांच्या जुळण्या-न जुळण्यातून होणाऱ्या या बेरीज-वजाबाकीला व्यतिकरण.

येथे एक बारकावा आहे. विरळ माध्यमातून घन माध्यमाच्या सीमेवर आदळून परतताना तरंग उलटा होतो, म्हणजे शिखराची दरी होते. उलट दिशेने तसे होत नाही. येथे विरळ-घन हे वजनावरून ठरत नाही, तर अपवर्तनांकावरून ठरते. अपवर्तनांक म्हणजे निर्वातातील प्रकाशाचा वेग त्या पदार्थातील वेगाच्या किती पट आहे ते सांगणारी संख्या. हवेसाठी ती जवळजवळ १, पाण्यासाठी १.३३, साध्या काचेसाठी १.५ आणि तेलासाठी सहसा पाण्यापेक्षा थोडी जास्त असते. तेलाच्या वरच्या पृष्ठभागावर तरंग उलटतो, खालच्या सीमेवर उलटत नाही. म्हणून थर तरंगलांबीच्या मानाने नगण्य झाला की दोन्ही परावर्तने एकमेकांना पुसतात आणि रंग मावळतात. थर काहीशे नॅनोमीटर जाडीचा असेल तेव्हा एखादाच रंग वाढतो आणि बाकीचे घटतात. थर मिलिमीटरभर जाड झाला तर वाढणाऱ्या रंगांची इतकी दाटी होते की डोळ्याला त्यांची सरासरी, म्हणजे पुन्हा पांढरा रंगच, दिसतो. खिडकीच्या काचेवर रंगीत वलये दिसत नाहीत याचे कारणही हेच.

चष्म्याच्या काचेवरील चमक घालवण्यासाठी हीच वजाबाकी मुद्दाम घडवून आणतात. उघडी काच प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत पाठवते; तिच्यावर मॅग्नेशियम फ्लोराइडचा, तरंगलांबीच्या चतुर्थांशाइतका थर दिला की हे प्रमाण दीड टक्क्याच्या खाली येते. चतुर्थांश मोजायचा तो त्या पदार्थाच्या आतल्या तरंगलांबीचा. आत प्रकाश मंदावल्यामुळे ती तेवढ्या पटीने आखूड झालेली असते.

पारदर्शक पदार्थांचा आरसा

वजाबाकीऐवजी बेरीज करायची ठरवली तर काय होते, हा प्रश्न अधिक फलदायी ठरला. सिलिका, म्हणजे वाळूचेच शुद्ध रूप, हिचा अपवर्तनांक सुमारे १.४५ आणि टायटॅनियम ऑक्साइडच्या थराचा सुमारे २.३ असतो. या दोघांच्या एका सीमेवरून फक्त ५ टक्के प्रकाश परततो, म्हणजे आरसा म्हणून ती सीमा निरुपयोगीच. पण दोन्ही पदार्थांचे चतुर्थांश तरंगलांबीचे थर आलटून-पालटून रचले, तर प्रत्येक सीमेवरून परतलेला क्षीण तरंग बाकीच्या सर्वांशी कला जुळवूनच बाहेर येतो. बेरीज येथे प्रकाशाच्या तीव्रतेची होत नसून तरंगांच्या उंचीची होते, आणि तीव्रता उंचीच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे परावर्तन झपाट्याने चढते. अशा दहा जोड्या रचल्या की ९९ टक्क्यांहून अधिक प्रकाश परततो.

दोन्ही पदार्थ पारदर्शक आहेत आणि वीज वाहून नेत नाहीत. अशा पदार्थांना विद्युत्‌अपारक म्हणतात. दुर्बिणीच्या आरशांवर सहसा ॲल्युमिनियमचा मुलामा असतो, आणि जुन्नरजवळ गिरवली येथे पुण्यातील आयुका या संस्थेची जी दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे तशा दुर्बिणींना तो मानवतोही, कारण धातू सर्वच रंग साधारण सारख्या प्रमाणात परत पाठवतो. मात्र धातूतील मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर हलतात, आपसांत आणि अणूंशी धडकतात, आणि दर परावर्तनाला सुमारे दहावा भाग उष्णतेत घालवतात. आकाशाचे एकच चित्र घ्यायचे असेल तर हा तोटा चालतो. तोच प्रकाश शेकडो वेळा परतवायचा असेल तर चालत नाही. थरांचा आरसा एका मर्यादित पट्ट्यातील रंगांपुरताच चालतो, पण त्या पट्ट्यात तो जवळजवळ काहीच खात नाही. ज्या पट्ट्यातील प्रकाशाला थरांमधून पुढे सरकण्याची मुभाच नसते, त्याला निषिद्ध पट्टा म्हणतात. ही संकल्पना पुढे पुन्हा लागणार आहे.

पुण्याशी या आरशांचा संबंध थेट आहे. विद्यापीठाच्या आवारातील आयुका ही संस्था लायगो-इंडिया प्रकल्पातील प्रमुख संस्थांपैकी एक असून, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची ही गुरुत्वीय तरंग वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्र सरकारने २०१६ साली तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह तिला मान्यता दिली. अमेरिकेतील अशाच वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय तरंगांची पहिली नोंद केली. त्यांच्या प्रत्येक भुजेत ४० किलो वजनाचे सिलिकाचे आरसे समोरासमोर टांगलेले असतात, १,०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर त्यांच्यामध्ये सुमारे ३०० फेऱ्या मारतो, आणि हे ज्यामुळे शक्य होते तो मुलामा सिलिका व टँटलम ऑक्साइड यांच्या आलटून-पालटून दिलेल्या थरांचाच असतो. दोन समोरासमोरच्या आरशांचा असा अनुनादक शार्ल फाब्री आणि आल्फ्रेड पेरो यांनी १८९९ साली वर्णिला होता. त्यात प्रकाश आरशांच्या मधल्या पोकळीत साठतो. या लेखाचा विषय असलेल्या अनुनादकात मात्र पोकळी नाही आणि दुसरा आरसाही नाही. प्रकाश आरशाच्या वरच्या कातडीलाच चिकटून राहतो. ते कसे, हे कळण्यासाठी आणखी एक घटना पाहावी लागते.

पूर्ण परावर्तनाची बाहेर उरलेली किनार

काचेतून हवेकडे निघालेला प्रकाश पृष्ठभागावर फार तिरपा पडला तर तो बाहेर पडूच शकत नाही आणि सगळाच्या सगळा आत परततो. साध्या काचेसाठी ही मर्यादा लंबापासून सुमारे ४२ अंशांवर येते; प्रकाशतंतूंमधून संदेश शेकडो किलोमीटर जातात ते याच पूर्ण आंतरिक परावर्तनाच्या बळावर. परंतु ‘सगळाच्या सगळा परततो’ हे विधान थोडे फसवे आहे. पृष्ठभागाच्या बाहेर, हवेच्या बाजूला, प्रकाशाच्या क्षेत्राची एक पातळ किनार शिल्लक असते. ती पुढे प्रवास करत नाही, पृष्ठभागापासून दूर जाताना झपाट्याने विरते आणि साधारण एका तरंगलांबीच्या आतच नाममात्र उरते. तिला इव्हॅनेसंट, म्हणजे विरत जाणारे, क्षेत्र म्हणतात. दुसरी काच या किनारीच्या आवाक्यात आणली तर पूर्ण परावर्तन मोडते आणि प्रकाश मधली फट ओलांडून पलीकडे जातो.

ही फट किती रुंद असावी, हे दृश्य प्रकाशात मोजणे एकोणिसाव्या शतकात अवघड होते, कारण प्रश्न काहीशे नॅनोमीटरचा होता. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी ते मिलिमीटर-सेंटिमीटर लांबीच्या विद्युत्‌तरंगांनी केले. तरंग लांब असला की त्याची किनारही तेवढीच रुंद होते आणि दोन लोलकांमधली फट साध्या स्क्रूने कमी-जास्त करता येते. हवेच्या फटीच्या जाडीचा पूर्ण परावर्तनावर होणारा परिणाम त्यांनी १८९७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. आज पृष्ठतरंगांवर काम करणाऱ्या अनेक प्रयोगशाळांत लोलक आणि किनार यांची हीच जोडी वेगळ्या मापात वापरली जाते.

वर हवा, खाली थर

आता दोन्ही गोष्टी एकत्र आणता येतात. थरांच्या आरशाच्या सर्वांत वरच्या थरात प्रकाश आहे आणि तो पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, खूप तिरपा चालला आहे असे समजू. वर हवा आहे, पण तिरपेपणामुळे पूर्ण परावर्तन होते आणि तो वर निसटू शकत नाही. खाली थरांची रचना आहे, पण प्रकाशाचा रंग निषिद्ध पट्ट्यात असल्यामुळे त्याला खालीही जाता येत नाही. दोन्हीकडून परतत परतत तो पृष्ठभागाच्या कडेने पुढे सरकत राहतो. मात्र आणखी एक अट पाळावी लागते: वरच्या थरात वर-खाली एक फेरी मारून आलेल्या तरंगाची कला मूळ तरंगाशी जुळली पाहिजे, अन्यथा तो स्वतःलाच पुसून टाकेल. म्हणून खालचे सगळे थर तेच ठेवून शेवटच्या थराची जाडी काही नॅनोमीटरांनी बदलली, तरी पृष्ठतरंग निर्माण होतो, सरकतो किंवा नाहीसा होतो. बाकी सर्व थरांचे काम या एका थराला आधार देण्याचे आहे, असे म्हटले तरी चालेल.

अशा तरंगाला ब्लॉक पृष्ठतरंग म्हणतात. फेलिक्स ब्लॉक यांनी १९२८ साली स्फटिकातील अणूंच्या नियमित रांगांतून इलेक्ट्रॉन कसे जातात याचे गणित मांडले होते. नियमित रचलेल्या थरांतील प्रकाशाला तेच गणित लागू पडते, हे पोची ये, अम्नॉन यारिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९७७ च्या सुमारास सविस्तर दाखवले आणि पृष्ठतरंगांचे भाकीतही केले. त्याआधीच, १९६८ साली, जर्मनीत आंद्रेआस ओटो यांनी, तसेच एरिक क्रेचमान व हाइन्झ रेथर यांनी, धातूच्या पातळ थरावर असा तरंग लोलकाच्या साहाय्याने उठवून दाखवला होता. धातूवरच्या तरंगाला प्लाझ्मॉन म्हणतात. त्यात प्रकाशाबरोबर धातूतील इलेक्ट्रॉनही लाटेसारखे हलतात. रक्तातील प्रथिने, औषधे यांच्यातील बंध मोजणारी जी उपकरणे १९९० पासून बाजारात आली, ती सोन्याच्या सुमारे ५० नॅनोमीटर जाड थरावरील याच तरंगावर चालतात.

दोहोंतला फरक मोलाचा आहे. धातूवरचा दृश्य प्रकाशाचा तरंग काही मायक्रोमीटर ते काही दशक मायक्रोमीटर जातो आणि उष्णतेत विरून जातो. विद्युत्‌अपारक थरांवरचा तरंग काहीशे मायक्रोमीटर, नीट बनवलेल्या थरांवर मिलिमीटरच्या घरातही, जातो. शिवाय धातूला प्रकाशाच्या विद्युत्‌क्षेत्राची एकच दिशा चालते, थरांची रचना दोन्ही दिशांसाठी आखता येते. आणि थरांच्या जाड्या बदलून ती हव्या त्या रंगासाठी बेतता येते.

या तरंगाला बाहेरून उठवणे मात्र सोपे नाही. पृष्ठभागावर चालताना त्याची तरंगलांबी मोकळ्या हवेतल्या प्रकाशापेक्षा आखूड असते, आणि हवेतून कोणत्याही कोनात पडलेल्या प्रकाशाची पृष्ठभागावर उमटणारी शिखरे तितकी जवळजवळ कधीच येत नाहीत. म्हणूनच हा तरंग हवेत निसटत नाही, आणि म्हणूनच हवेतून तो उठतही नाही. काचेच्या लोलकातून खालून प्रकाश पाठवला तर काचेतली तरंगलांबी आखूड असल्यामुळे एका नेमक्या कोनाला शिखरे जुळतात. धातूच्या बाबतीत या कोनाला परतणाऱ्या प्रकाशात ठळक काळी रेघ दिसते, कारण तरंगात शिरलेला प्रकाश धातू खाऊन टाकतो. शोषण नसलेल्या थरांवर ही रेघ अगदी फिकट होते किंवा दिसतच नाही. रचना इतकी काटकसरी, की ती काम करते आहे याचा पुरावाच लपतो. त्यामुळे संशोधकांना पृष्ठभागावर चमकणारे रंगद्रव्य लावून, कलेतला बदल मोजून किंवा मुद्दाम थोडे शोषण घालून तरंगाचा माग काढावा लागतो.

अनुनाद, आणि विजापूरचा घुमट

झोक्याला त्याच्याच लयीत हलकेच रेटा देत राहिले तर तो उंच जातो, आणि लय चुकवून कितीही जोर लावला तरी तो अडखळतो. अनुनादाचे तत्त्व एवढेच आहे. चांगला झोका रेटा थांबल्यावरही बराच वेळ हलत राहतो, कुरकुरणारा लवकर थांबतो. किती वेळ हलत राहतो याचे माप म्हणजे गुणवत्तांक: साठलेली ऊर्जा आणि एका हेलकाव्यात वाया जाणारी ऊर्जा यांचे गुणोत्तर, २π ने गुणलेले. प्रकाशाच्या बाबतीत झोक्याचे काम बंद वाट करते. एक फेरी पूर्ण करून परतलेला तरंग नव्याने येणाऱ्या तरंगाशी कला जुळवून मिळाला, म्हणजे वाटेच्या लांबीत पूर्ण संख्येने तरंग बसले, तर प्रकाश साठत जातो.

बंद वाट वर्तुळाकारही असू शकते, याचे सर्वांत प्रसिद्ध भारतीय उदाहरण सोलापूरहून सुमारे शंभर किलोमीटरवर, विजापूरच्या गोल घुमटात आहे. मोहम्मद आदिलशहाच्या या सतराव्या शतकातील कबरीच्या घुमटाखालील सज्जात भिंतीशी केलेली कुजबूज समोरच्या बाजूला स्पष्ट ऐकू येते. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमधील अशाच सज्जाविषयी लॉर्ड रॅले यांनी दाखवले होते, की आवाज पोकळीतून आरपार न जाता वक्र भिंतीला बिलगून सरकतो. चंद्रशेखर व्यंकट रामन १९२१ साली लंडनला गेले असता त्यांनी सदरलँड यांच्यासह तेथे मोजमापे केली आणि भिंतीपासून आत येताना आवाज सरळ कमी होत न जाता कमी-जास्त होत जातो असे नोंदवले. परतल्यावर त्यांनी भारतातील अशा वास्तूंचा, गोल घुमटाचाही, अभ्यास करून १९२२ साली निबंध लिहिला. प्रकाशविज्ञानातील त्यांच्या कीर्तीपुढे हा ध्वनीचा अभ्यास झाकोळला गेला, पण आजच्या सूक्ष्म अनुनादकांच्या इतिहासात त्याचा उल्लेख आवर्जून होतो.

काचेच्या बारीक गोळीत प्रकाशही असाच भिंतीला बिलगून फिरतो. मॉस्को येथील ब्रागिन्स्की, गोरोदेत्स्की आणि इल्चेन्को यांनी १९८९ साली वितळवून घडवलेल्या सिलिकाच्या गोळ्यांत दहा कोटींच्या घरातील गुणवत्तांक दाखवला. १,५५० नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी याचा अर्थ असा, की गोळीत शिरलेला प्रकाश सुमारे ८० नॅनोसेकंद टिकतो आणि तेवढ्या वेळात काचेतून १७ मीटर चालतो; गोळी १०० मायक्रोमीटर व्यासाची असेल तर या सुमारे ५४ हजार फेऱ्या होतात. वितळलेल्या काचेचा पृष्ठभाग थंड होताना स्वतःच्याच ताणाने गुळगुळीत होतो, त्याचे हे फळ आहे.

पृष्ठतरंगाचे कडे

गोळीत प्रकाशाचा बहुतेक भाग काचेच्या आत असतो आणि बाहेर फक्त विरती किनार असते. ब्लॉक पृष्ठतरंगात क्षेत्र सर्वांत तीव्र असते ते अगदी वरच्या थराशी, आणि त्याचा मोठा वाटा बाहेरच्या हवेत किंवा पाण्यात असतो. बाहेरचे रेणू ओळखायचे असतील तर ही मांडणी अधिक सोयीची. प्रश्न उरतो तो पृष्ठभागावर सैरभैर पसरणाऱ्या तरंगाला वळण लावण्याचा.

त्यावरचा उपाय आश्चर्यकारकरीत्या क्षुल्लक आहे: वरच्या थरावर प्लास्टिकसारख्या बहुवारिकाची, जेमतेम शंभर नॅनोमीटर उंचीची, रेघ ओढायची. रेघेखाली तरंग किंचित मंदावतो, आणि मंद भागाकडे वळून राहणे हा तरंगांचा स्वभाव असल्यामुळे तो रेघेचा माग सोडत नाही. इटलीत तुरीन येथील गटाने २०१० साली अशा अतिपातळ रेघांतून ब्लॉक तरंग नेऊन दाखवला. रेघेचे वर्तुळ केले किंवा त्याच पदार्थाची चकती ठेवली, की अनुनादक तयार होतो. स्वित्झर्लंडमधील हान्स पेटर हेर्त्सिग यांच्या गटाने २०१६ साली चकतीच्या कडेने फिरणारा तरंग अतिसूक्ष्म टोकाच्या शोधकाने प्रत्यक्ष रेखून दाखवला. येथे गुणवत्तांक हजारांच्या पटीत आहे, कोटींच्या नव्हे. वळणावर थोडा प्रकाश निसटतो, थोडा खालच्या थरांतून काचेत झिरपतो, रेघेच्या खडबडीत कडांवरून थोडा विखुरतो.

चौकट : एका कड्याचा हिशेब

*पृष्ठभागावरील कड्याची त्रिज्या १०० मायक्रोमीटर असेल तर परीघ सुमारे ६२८ मायक्रोमीटर होतो. हवेत १,५५० नॅनोमीटर असलेली तरंगलांबी पृष्ठभागावर १.१ पटीने आखूड, म्हणजे सुमारे १,४०९ नॅनोमीटर झाली, तर कड्यात साधारण ४४६ तरंग बसतात. ४४७ तरंग बसवायचे तर रंग सुमारे साडेतीन नॅनोमीटरने बदलावा लागतो. या दोन रंगांच्या दरम्यानचा प्रकाश कड्यात साठत नाही. पृष्ठभागावर रेणू चिकटून १.१ हा आकडा दहा हजारात एका भागाने वाढला, तर अनुनादाचा रंग ०.१५५ नॅनोमीटरने सरकतो. गुणवत्तांक २,००० असेल तर अनुनादाची रेघच ०.७७५ नॅनोमीटर रुंद असते आणि हे सरकणे तिच्या रुंदीत दडते. गुणवत्तांक एक लाख असेल तर रेघ ०.०१५५ नॅनोमीटरची होते आणि तेच सरकणे तिच्या दहापट दिसते.*

पाषाणमधील तार आणि गोळी

धातू प्रकाशाला दाबून अतिशय लहान जागेत आणतो, पण टिकवत नाही. काच टिकवते, पण तितकी दाबत नाही. पृष्ठभागावरच्या प्रकाशाचे जवळजवळ सगळे संशोधन या दोन गुणांच्या ओढाताणीतून निघालेले आहे. पुण्यात पाषाण येथे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेशेजारी २००६ साली सुरू झालेल्या आयसर या संस्थेत प्रा. जी. व्ही. पवन कुमार यांचा गट नेमक्या याच सीमेवर काम करतो. चांदीच्या अतिसूक्ष्म तारा, सोन्याचे पातळ थर आणि त्यांच्यामधल्या नॅनोमीटरभर फटीत अडकवलेले रेणू, हा त्यांच्या प्रयोगांचा ठरलेला संच आहे. रेणूवरून विखुरलेल्या प्रकाशाचा रंग तर ते मोजतातच, पण तो कोणत्या दिशेने बाहेर पडतो हेही सूक्ष्मदर्शकाच्या विशिष्ट प्रतलात टिपतात. २०२० साली या गटाने चांदीच्या तारेला सिलिकाची सूक्ष्म गोळी जोडली, म्हणजे प्लाझ्मॉन आणि कुजबुजत्या सज्जातला तरंग यांना एकत्र आणले, आणि तारेवरून येणारा प्रकाश गोळीच्या साहाय्याने ठरावीक दिशेला काढता येतो असे दाखवले. विखुरताना प्रकाशाचा रंग बदलणे हा रामन परिणाम १९२८ चा आणि कुजबुजत्या सज्जाचा अभ्यास त्याच्या सहा वर्षे आधीचा. पाषाणच्या सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही एकाच नमुन्यात भेटतात.

हा प्रयोग ब्लॉक पृष्ठतरंगाचा नाही, पण त्याचा भाऊबंद आहे. प्रकाश अनुनादकात शिरावा कसा आणि उपयोगी दिशेने निघावा कसा, ही दोघांचीही अडचण आहे. आत घालण्याची वाट फार रुंद ठेवली तर त्याच वाटेने प्रकाश निसटून गुणवत्तांक घसरतो. फार अरुंद ठेवली तर मुळात काही शिरतच नाही. शिरणारा आणि वाया जाणारा प्रकाश समसमान राहील इतकी वाट ठेवली, की साठा सर्वांत जास्त होतो, आणि प्रत्येक नव्या रचनेत ही फट पुन्हा शोधावी लागते.

थर बनवणे आणि तापमान सांभाळणे

गणितात १०० नॅनोमीटर लिहिणे सोपे आहे. प्रत्यक्षात निर्वात कोठीत पदार्थ वाफाळून किंवा आयनांच्या माऱ्याने उडवून तो काचेवर थर-थर बसवावा लागतो, आणि वाढती जाडी क्वार्ट्झच्या कंप पावणाऱ्या चकतीने मोजत राहावे लागते. चकतीवर वजन चढले की तिची कंपने मंदावतात, त्यावरून जाडी कळते. दहा-बारा थरांत प्रत्येकी एखाद्या नॅनोमीटरची चूक राहिली तर पृष्ठतरंग दिसतो, पण अपेक्षेपेक्षा वेगळ्या कोनाला. गुरुत्वीय तरंगांच्या आरशांत अडचण आणखी सूक्ष्म आहे: तेथे थरांच्या अणूंची उष्णतेमुळे होणारी थरथरच मोजमापावर मर्यादा घालते, म्हणून टँटलम ऑक्साइडमध्ये टायटॅनियम ऑक्साइड मिसळून ती थरथर कमी केली जाते.

रेणू ओळखणाऱ्या पृष्ठतरंग-अनुनादकाला उष्णता दुसऱ्या वाटेने छळते. पाण्याचा अपवर्तनांक खोलीच्या तापमानाला दर अंशाला सुमारे दहा हजारात एका भागाने घटतो, आणि अनेक बहुवारिकांचाही जवळपास तेवढाच घटतो. म्हणजे तापमान एका अंशाने हलले, तर चौकटीत सांगितलेल्या रेणूंच्या खुणेशी तुलना होईल इतकी रेघ सरकते. मेमध्ये दुपारी आणि पहाटे पुण्यात तापमानात जो फरक पडतो, त्यात वातानुकूलनाशिवाय असे मोजमाप निरर्थक ठरेल. म्हणून एकाच तुकड्यावर दोन कडी शेजारी-शेजारी आखतात: एकावर हवा तो रेणू धरणारे प्रथिन बसवतात, दुसरे कोरे ठेवतात, आणि दोघांच्या सरकण्यातला फरक तेवढा वाचतात. तापमान दोन्ही कड्यांना सारखेच हलवते, त्यामुळे वजाबाकीनंतर जे उरते ते बहुतांशी रेणूंचे असते.